सरासरी साठ

मित्रांनो, आधी मोजून घेऊ. माझ्या अंगावर दोन चिप आहेत. प्रत्येक चिपभोवती मेमरीचे आठ तुकडे, म्हणजे एकूण सोळा. दोन्ही चिपना जोडणारी तिसरी एक लहान चिप. मधोमध एक पंखा, त्याला नऊ पाती. वीज घ्यायला दोन सॉकेट, प्रत्येकी आठ पिनांची. पडद्याची केबल लावायला चार जागा, त्यांतली एक वाकलेली. पूर्ण काम करताना मी तीनशे वॅट वीज घेतो. माझ्या खोक्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत '४ जीबी' असे छापले होते. हा एक आकडा सोडला, तर वरचे सगळे आकडे जसे दिसतात तसेच आहेत.

मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. संगणकावर खेळ चालू असताना पडद्यावर जे दिसते ते काढायचे माझे काम. तिथे धावणारा माणूस खरे तर धावत नसतो. मी दर सेकंदाला साठ चित्रे काढून एकामागून एक पडद्याला देतो, म्हणून तो धावल्यासारखा दिसतो. बहुतेक कार्डांवर हे काम एकच चिप करते. माझ्यासारखी दोन चिपची कार्डे थोडीच वर्षे निघाली.

माझा जन्म २०१२ सालचा. पहिली चार वर्षे मी पुण्यात एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडे होतो. तेव्हा माझे फार कौतुक झाले. त्याचे मित्र कॅबिनेटची काच काढून मला बघायचे, माझ्यासोबत फोटो काढायचे. मग नवे खेळ आले. त्यांतल्या बऱ्याच खेळांना माझी दुसरी चिप ओळखताच येईना. ती नुसती गरम होऊन बसायची. मुलाने मला विकले. अकोल्याच्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे मी वर्षभर वर्तमानपत्रात गुंडाळून पडलो, आणि २०१७ च्या जूनमध्ये नांदुऱ्याला आलो.

नांदुऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर हबीबभाईंचे बी-बियाण्याचे आणि फवारणीच्या औषधांचे दुकान आहे. दुकानामागे पत्र्याची एक खोली. तिथे हबीबभाईंचा मुलगा आमीर गेम पार्लर चालवत असे. चार संगणक, सहा खुर्च्या, एक कूलर. खोलीला औषधांचा वास कायमचा चिकटलेला होता. खेळायला येणारी पोरे म्हणायची, इथे अर्धा तास बसले की डोक्यातल्या उवा मरतात.

त्या पोरांत शेखर सगळ्यात चांगला खेळायचा. वय एकवीस. मोताळ्याकडच्या एका खेड्यातून तो आठवड्यातून तीनदा एसटीने यायचा. खेळ गोळीबाराचा होता. समोरचा गडी दारात पाव सेकंद दिसतो आणि आड होतो. तेवढ्यात नेम धरून बटण दाबायचे. जिल्ह्यात कोणाला ते शेखरइतके जमत नव्हते.

त्या वर्षी पुण्याच्या एका क्लबने निवड-स्पर्धा ठेवली होती. खेळायचे आपापल्या गावातूनच, इंटरनेटवर. फेऱ्या दोन: एक ऑगस्टमध्ये, एक ऑक्टोबरमध्ये. एकीत हुकले तर दुसरीत पुन्हा संधी. प्रत्येक फेरीतले पहिले आठ खेळाडू पुण्याला जाणार. राहणे, जेवण, महिन्याचा पगार, आणि काम फक्त खेळण्याचे. शेखर नववीपासून लोकांच्या शेतात फवारणीच्या मजुरीला जात होता. पुण्याला गेलो तर पाठीवरचा पंप सुटेल, एवढेच तो एकदा आमीरला म्हणाला होता. दुसऱ्यांदा त्याने ते काढले नाही.

स्पर्धेची एक अट होती. खेळाडूच्या संगणकाने सेकंदाला किमान साठ चित्रे दिली पाहिजेत. पार्लरमधले जुने कार्ड बावीस द्यायचे. म्हणून आमीरने अकोल्याच्या व्यापाऱ्याला बोलावले.

तो दोन कार्डे घेऊन आला आणि दुपारच्या पॅसेंजरने परत जाणार होता. दोन्ही कार्डे हबीबभाईंच्या काउंटरवर, कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांशेजारी ठेवली गेली. एक मी. दुसरे माझ्याहून बरेच लहान, वर्षभर जुने, एका चिपचे. भाव जवळपास सारखाच.

आमीरची थोरली बहीण महनूर तेव्हा दुकानातच होती. ती खामगावच्या कॉलेजातून पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली. दुकानाचा मालसाठा तीच सांभाळायची. तिने व्यापाऱ्याला विचारले की दोन चिप काम वाटून कसे घेतात, आणि तयार झालेली चित्रे सारख्या अंतराने बाहेर पडतात का. व्यापारी हसला. त्याने माझ्या खोक्यावरच्या चारावर बोट ठेवले आणि दुसऱ्या कार्डाच्या खोक्यावरचा तीन दाखवला. महनूर म्हणाली, दोन्ही कार्डे दोन दिवस इथे ठेवा, मी मोजून सांगते.

"बाजी, तुले तं भाजीतलं मीठ चाखायलेही तराजू लागते," आमीर म्हणाला. शेखरही हसला.

आमीरने वडिलांना विचारले. हबीबभाईंनी मला हातात घेऊन वजन पाहिले. संगणकातले त्यांना काही कळत नव्हते, पण पंचवीस वर्षे दुकान चालवून एक गोष्ट पक्की कळली होती. एका जीनचे बीटी बियाणे आले तेव्हा लोक रांगा लावत होते. काही वर्षांनी दोन जीनचे आले आणि एकाचे नावच पुसले गेले.

"एक जीनवाल्याचं पाकीट आज कोणी फुकट नेत नाही," ते म्हणाले. "एकानं अळी मेली नाही तं दुसरा मारते. हेही तसंच असंन. दोनवालं घे, बेटा."

शेखरने मला उचलले. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. वर्षभर कोणी मला हात लावला नव्हता.

आता मला जे बोलता आले नाही ते तुम्हाला सांगतो. माझ्या दोन चिप एक चित्र वाटून काढत नाहीत. पहिली चिप पहिले चित्र काढते, दुसरी दुसरे, मग पुन्हा पहिली तिसरे. त्यामुळे सगळे सामान दोघींनाही आपापल्या मेमरीत वेगळे ठेवावे लागते. चार जीबीतले दोन पहिलीचे, दोन दुसरीचे, आणि दोन्हींत तेच ते. उपयोगी पडतात दोनच. शेजारच्या लहान कार्डाचे तीन मात्र पुरते तीन होते.

यापेक्षाही वाईट गोष्ट दुसरी होती. माझ्या चिप एकमेकींशी पाऊल जुळवून चालत नाहीत. एकीचे चित्र आल्यावर दुसरीचे लगेच मागून येते, मग बराच वेळ काही येत नाही, मग पुन्हा दोन लागोपाठ. सेकंदाच्या शेवटी मोजले तर साठ भरतात. पडद्याच्या कोपऱ्यात हिरव्या अंकांत साठ दिसायचे आणि आमीर खूश व्हायचा.

शेखरला काहीतरी अडखळते आहे असे वाटायचे. तो माऊस पुसायचा, खुर्ची पुढे ओढायचा, तळहात पँटीला घासायचा. कोपऱ्यातला साठचा आकडा बघून पुन्हा खेळायला लागायचा.

पहिली फेरी वीस ऑगस्टला, पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी होती. बाहेर रस्त्यावर झुली, गोंडे, घागरमाळा विकायला मांडल्या होत्या आणि आत कूलर बंद ठेवला होता, कारण मी आणि कूलर एका वेळी इन्व्हर्टरला झेपत नव्हतो. शेखरच्या हनुवटीवरून घाम कीबोर्डवर पडत होता. समोरचा गडी दारात यायचा आणि नेमका तेव्हाच मी थांबायचो. एका सेकंदाचा चाळिसावा भाग. तेवढ्या वेळात चित्र जुने असायचे आणि गडी पुढे गेलेला असायचा. शेखर दारातल्या रिकाम्या जागेवर गोळ्या मारत राहिला. तो नववा आला. आठव्याला त्याच्यापेक्षा दोन गुण जास्त होते.

आमीर मला शिव्या देऊ लागला तेव्हा शेखरने त्याला अडवले. "त्याले काऊन बोलतं बे? कार्ड बराबर साठ देऊन राह्यलं. मायाच हात चुकला."

पुढचे तीन दिवस महनूरने मोजमाप केले. एका बियाणे-कंपनीच्या कॅलेंडरची पाने उलटी करून तिने त्यावर आकडे लिहिले. माझ्या लागोपाठच्या दोन चित्रांत किती वेळ जातो ते एका छोट्या प्रोग्रामने तिने नोंदवून घेतले. सेकंदाच्या हजाराव्या भागाला मिलिसेकंद म्हणतात. नोंद अशी होती: ८, २५, ८, २६, ७, २५. सरासरी साडेसोळा. म्हणजे सेकंदाला साठच. महनूर आमीरला म्हणाली की तालुक्याच्या पावसाचीही सरासरी यंदा नीटच भरेल. पेरणीनंतरचे कोरडे चोवीस दिवस त्या सरासरीत कुठे दिसणार आहेत?

मग तिने शेखरचा हात मोजला. पडदा काळा असतो, अचानक पांढरा होतो, आणि तो झाला की माऊसचे बटण दाबायचे. वीस वेळा. या कामात माझी अडखळ मधे येऊ नये म्हणून तिने माझी एक चिप बंद केली होती. वीस प्रयत्नांची सरासरी १८४ मिलिसेकंद आली. सगळ्यात जलद १७१, सगळ्यात हळू १९६. एकदाही चूक नाही.

"तुझा हात चुकला नाही, शेखर," ती म्हणाली. "चुकीचा आकडा कोणाचा आहे ते इथं लिहिलं आहे."

शेखरने तो कागद बराच वेळ पाहिला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. त्या दिवसापर्यंत त्याने हार मानली होती. आपला हात चांगला आहे हे कळल्यावर त्याला पुन्हा आशा वाटू लागली. मित्रांनो, महनूरचे मोजमाप अगदी बरोबर होते. तरीही ते तिने केले नसते तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

माझी एक चिप बंद ठेवली तर चित्रे सारख्या अंतराने यायची, पण तीसच. अट साठची होती. आता एकाच चिपचे दुसरे कार्ड हवे होते. अकोल्याचे ते लहान कार्ड केव्हाच विकले गेले होते. नवे घ्यायचे, तर संगणकावर चलन तयार करण्याचे वेड त्या वर्षी जगभर आले होते आणि कार्डांचे भाव दुपटीवर गेले होते. मला कोणी परत घेईना. पार्लरही ओस पडू लागले होते, आणि त्याचे कारण पुढच्या दुकानातच दिसत होते.

सप्टेंबर लागताच लोक हबीबभाईंच्या काउंटरवर हिरवी बोंडे आणून टाकू लागले. वरून बोंड निरोगी. दाबून फोडले की आत गुलाबी अळी. ही दोन जीनच्याच कपाशीवरची बोंडे होती. पत्र्याच्या भिंतीतून मला बोंडे फुटल्याचा बारीक आवाज ऐकू यायचा.

बियाण्याच्या प्रत्येक मोठ्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याचे एक लहान पाकीट मिळते. ते शेताच्या कडेने पेरायचे असते, म्हणजे अळीला खायला साधी कपाशी मिळते आणि ती बीटीच्या विषाला सरावत नाही. गिऱ्हाईक ते काउंटरवरच सोडून जायचे. महनूरने त्या हंगामात मोजली होती: विकलेली पाकिटे सहाशे चाळीस, मागे राहिलेली लहान पाकिटे पाचशे सत्त्याऐंशी. ती दर वर्षी वडिलांना सांगायची. हबीबभाई म्हणायचे, लोकांना दोन जीन दिले, त्यावर आणखी कडेला काय पेरायला लावू?

आता लोक औषध मागत होते. हबीबभाईंना वाईट वाटत होते, हे त्यांच्या आवाजातून कळायचे. ते प्रत्येकाला पाणी विचारायचे, बसवायचे, आणि कपाटातून दोन बाटल्या काढायचे.

"आता एकानं भागत नाही," ते सांगायचे. "दोन मिसळून मारा."

अशाच दोन बाटल्या मोताळ्याकडच्या शंकररावांनी नेल्या. त्यांची आठ एकर कपाशी होती आणि फवारायला माणूस मिळत नव्हता. नव्या कार्डाच्या पैशांसाठी शेखरने ते काम घेतले. आमीरने त्याला नको म्हटले. कार्डाचे काहीतरी करू, बाजी कुठे शिकवणी पाहते आहे, मी दोन संगणक काढतो, असे तो म्हणाला. शेखर हसून म्हणाला, "दहा दिवसाची गोष्ट आहे बे. मंग पंप तुयाच पार्लरात टांगून ठेवजो, येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवाले."

पुढचे मी पाहिलेले नाही. आमीरने महनूरला जे सांगितले तेच सांगतो. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पंप पेट्रोलवर चालणारा, जोराचा. नळी वर धरावी लागे आणि फवारा परत तोंडावर येई. शेखरने नाकाला रुमाल बांधला होता, तो पहिल्या तासातच भिजायचा. सातव्या दिवशी ऐन दुपारी, आभाळात ढगाचा तुकडा नसताना, तो पाण्याच्या ड्रमपाशी आला आणि शंकररावांना म्हणाला, "हे धुकं काऊन पडलं?" मग त्याला उलट्या सुरू झाल्या.

त्याची आई कौशल्याबाई शेजारच्या शेतात निंदत होती. तिने शंकररावांच्या ऑटोतून त्याला आधी मोताळ्याला आणि तिथून बुलडाण्याला नेले. वाटेत तो विचारत होता की संध्याकाळ झाली का. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी औषधाचे नाव विचारले. आईला दोन बाटल्या माहीत होत्या, नावे नव्हती. तिने आमीरला फोन लावला. महनूरने कपाटातून तशाच दोन बाटल्या काढल्या आणि लेबलावरची नावे अक्षर-अक्षर फोनवर वाचली. दोन्ही वाचून झाल्यावर तिने लेबलाच्या तळची बारीक ओळही वाचली, की हे दुसऱ्या कशात मिसळू नये. हबीबभाई शेजारच्या स्टुलावर बसले होते. त्या दिवशी त्यांनी दुकान दुपारीच बंद केले.

शेखर वाचला. तेरा दिवस तो दवाखान्यात होता. कौशल्याबाई आमीरला म्हणाली, "पोरगं हाती आलं, पण ते मायाकडं पाहते तं माया कानाकडं पाहते." डॉक्टरांनी सांगितले होते की डोळे आणि हात काही आठवड्यांत सुधारतील, किंवा महिन्यांत, नक्की सांगता येत नाही.

आमीरने पार्लरचे दोन संगणक विकले. त्यात शेखरची सहा दिवसांची मजुरी मिळवली आणि एका चिपचे नवे कार्ड आणले. महनूरने त्याला विचारले की आता कशासाठी. "त्याले कबूल केलं होतं," एवढेच तो म्हणाला.

माझी वीज काढली गेली. आमीरने मला कॅबिनेटमधून उपसले आणि टेबलाच्या कडेला ठेवले. आज मी दुकानातल्या कपाटावर, बियाण्याच्या रिकाम्या खोक्यांमध्ये आहे. माझ्या पंख्याच्या नऊ पात्यांवर धूळ बसली आहे. मला कोणी फेकत नाही आणि लावतही नाही.

मित्रांनो, मी तुम्हाला एवढेच विनवतो. कार्ड घ्या, बियाणे घ्या, औषध घ्या. खोक्यावरचा आकडा कशाचा आहे ते विचारा. दोन आहेत म्हणून दुप्पट आहे असे धरू नका. ती दोन एकमेकांशी कशी वागतात ते पाहा. सरासरी कोणी सांगितली तर मधले आकडे मागा. आणि कोणी मोजायला दोन दिवस मागितले, तर द्या. माझ्याकडून हे सांगणे उशिरा होते आहे. शेखरच्या बाबतीत त्याचा काही उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे.

दुसरी फेरी आठ ऑक्टोबरला, रविवारी दुपारी बाराला होती. शेखर अकराला आला. कौशल्याबाईने त्याला दंडाला धरून आत आणले. त्याने खुर्ची चाचपली आणि बसला. नवे कार्ड कुठे आहे ते त्याने विचारले, आमीरने त्याचा हात धरून कॅबिनेटवर ठेवला. शेखर म्हणाला, "बाजी, आधी मोजून घ्या."

महनूरने कागद घेतला. मी टेबलाच्या कडेला होतो. हबीबभाई दारात उभे होते. तिने आकडे लिहिता लिहिता वाचले.

नवे कार्ड: दोन चित्रांमधले अंतर १६.६ मिलिसेकंद, फरक ०.२.

शेखर: प्रयत्न वीस. सहा वेळा बटण दाबले गेले नाही. उरलेल्या चौदांची सरासरी ४३७ मिलिसेकंद.